पासष्ट हजार पाचशे छत्तीसच्या खालची ओळ

भाऊ, मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की मनातलं सगळं धुऊन काढायचं असतं, असं परवा तेराव्याला आलेली प्रत्येक बाई मला सांगून गेली. मी मान हलवली. पण तू मला ओळखतोस. भांडण अर्धं टाकून मी कधी जेवायलासुद्धा उठले नाही, आणि तू मात्र मधूनच उठून चालता झालास.

वर्तमानपत्रात द्यायला मजकूर हवा म्हणून तुझ्या शाळेतले लोक आले होते. जन्म कुठला, शिक्षण कुठे, नोकरी किती वर्षं. मी वहिनीकडे बोट दाखवलं आणि आत निघून गेले. मला त्यातलं काहीच सांगायचं नव्हतं. मला बोलायचंय ते एका दहा आकडी संख्येबद्दल, या जळगावच्या घरातल्या मधल्या खोलीच्या दाराबद्दल, आणि धुळ्याच्या त्या दुपारीबद्दल, जिच्याविषयी आपण दोघांनी पुढे एक अक्षर काढलं नाही.

सुरुवात त्या बातमीने झाली. परदेशात कुणीतरी यंत्राला बसवून सहा हजार आकडी मूळसंख्या शोधून काढली, अशी चार ओळींची बातमी कोपऱ्यात आली होती. दुसऱ्या कुणी ती वाचून पान उलटलं असतं. तू पेपर घेऊन घरभर फिरलास. "यंत्र म्हणतं मूळ आहे! अरे, पण पाहिलं कुणी? भागून पाहिलं कुणी?" मी सुट्टीला धुळ्याहून आलेली, चहा गाळत होते. मी म्हटलं, "तू बघ भागून. सहा हजार आकडे आहेत, पेन्शनपर्यंत पुरतील." तू हसला नाहीस. तुझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की थट्टा कळायची नाही तुला.

सहा हजार आकडे काही तुझ्या हातून होणार नव्हते. म्हणून तू त्याच कुळातली, पण हाताला झेपेल अशी संख्या घेतलीस. एकापासून सुरू करून एकतीस वेळा दुप्पट करायची आणि शेवटी त्यातून एक काढून घ्यायचा. २१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हिला स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कुणी भागू शकत नाही, हे दोनशे वर्षांपूर्वी एका युरोपीय गणित्याने दाखवून ठेवलंय, पुस्तकात छापलंय. मी ते म्हटलं तर तू म्हणालास, "छापलंय ते त्याने केलंय. मी कुठे केलंय?"

खरं सांगू? मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता. मीही गणितच शिकवते, पण मला कधी असं वाटलं नाही. मुलींना पास करायचं, पेपर तपासायचे, घरी यायचं. तू तिच्या गुणांबद्दल बोलायला लागलास की वहिनीच्या पोळ्या तव्यावर करपायच्या. "दोनाने भाग, तीनाने भाग, साताने भाग, नवाने, अकराने, एकतीसने भाग. बाकी एक! दर वेळी एक! अशी कधी संख्या पाहिलीस?" वहिनी म्हणायची, "मी पोळ्या सहाने भागते, बाकी काही उरत नाही." आणि तू तिलाच विचारायचास, "म्हणजे तुला कळलं ना?"

रीत तू पुस्तकातूनच घेतलीस. चारपासून निघायचं. चाराचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, चौदा. चौदाचा वर्ग, वजा दोन, एकशे चौऱ्याण्णव. पुढे आकडा फुगला की त्याला आपल्या संख्येने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग. असं करत तिसाव्या ओळीला बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्य नाही आली तर ती कुठेतरी फुटते. कुठे फुटते ते ही रीत सांगत नाही, नुसतं फुटते एवढंच सांगते. सांगायला सोपं आहे. करायला बसलं की एकोणीस-एकोणीस आकडी वर्ग आणि त्यांचा भागाकार.

आणि तू तो करायला बसलास आपल्या वडिलांच्या, आबांच्या पद्धतीने. तिथेच सगळं अडलं.

आबा साक्रीच्या बाजारात मापाडी होते. बाजारच्या दिवशी धान्याची पोती तोलायची, पाटीवर वजनं मांडायची, बेरीज-गुणाकार करायचा आणि नवाचा ताळा घ्यायचा. आकड्यातले अंक एकात एक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. इकडचा आणि तिकडचा अंक सारखा आला की हिशोब बरोबर. आणि मग आबांचा नियम असा की ताळा बसला की पाटी लगेच पुसायची. "ताळा बसना ना? मंग पुशी टाक." पुन्हा डोकावून बघणं म्हणजे आपल्याच हातावर अविश्वास, असं ते मानायचे. आपण दोघं त्यांच्या शेजारी बसून हेच शिकलो. पाढे पाठ व्हायच्या आधी ताळा पाठ झाला होता आपला.

तर तूही प्रत्येक पायरी पाटीवर केलीस, नवाचा ताळा घेतलास, बाकी मधल्या खोलीच्या दारावर खडूने उतरवलीस आणि पाटी पुसलीस. दारावर फक्त बाक्या. एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत. सगळं दार पांढरं झालेलं बघून आई म्हणायची, "बठ्ठा दरवाजा धवळा करी टाका यानी." पण तिने कुणाला त्या दाराला हात लावू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आले तेव्हा तू मला पाणीही पिऊ दिलं नाहीस, हाताला धरून दारासमोर नेऊन उभं केलंस. तिसावी ओळ शून्य नव्हती. चांगली लांबलचक बाकी होती. "कमल," तू म्हणालास, "पुस्तक चुकलंय."

मी म्हटलं, "भाऊ, तू चुकला असशील."

"प्रत्येक ओळीचा ताळा बसलाय."

"बसला असेल. तरी."

"तरी म्हणजे? आबांचा ताळा खोटा?"

"आबांना पोती मोजायची होती रे, भाऊ!"

तू असं बघितलंस माझ्याकडे, जणू मी त्यांच्या फोटोवर थुंकले. मग तू सांगितलंस की महिन्याअखेरीला धुळ्यात गणित शिक्षकांचं संमेलन आहे, तुला तिथे बोलायला वेळ मिळालाय, आणि तू तिथे हेच सांगणार आहेस. आसपासच्या तालुक्यांतून माणसं येणार होती. तुझे जुने मास्तर येणार होते, तुझ्या शाळेचे हेडमास्तर येणार होते. तू त्या सगळ्यांसमोर फळ्यावर उभा राहून म्हणणार होतास की दोनशे वर्षं जगाने मानलं ते खोटं. अरे, हसून हसून लोळले असते लोक. जन्मभर 'तो पुस्तक खोडणारा' म्हणून ओळखला गेला असतास. तुला वर्गात पोरांनी सोडलं नसतं, आणि तुझा स्वभाव असा की तू त्या शाळेतच राहिला नसतास.

मी म्हटलं, "फुटते म्हणतोस ना, मग भाजक दाखव. असलाच तर तो बासष्टच्या पाढ्यात एक मिळवून मिळेल, एवढं तर तुलाही ठाऊक आहे. तीनशे अकरापासून लाग." त्याच जागी बसून तीनशे अकराने भागून दाखवलं मी तुला, बाकी पस्तीस. तू म्हणालास, "रीत भाजक मागत नाही. रीत फक्त शून्य मागते, आणि शून्य आलं नाही." तुझं ते बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त चीड आली.

मग मीही हट्टाला पेटले. दुसरी पाटी घेतली आणि चारपासून सुरू केलं.

जळगावचा मे महिना. खिडक्यांना ओली गोणपाटं, तरी दुपारी पाटीची लाकडी चौकट हाताला भाजायची. मी ओसरीत, तू आत. मी एक पायरी करायची, नवाचा ताळा घ्यायची, वर अकराचाही घ्यायची, म्हणजे अंक एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे, आणि मग उठून दारावरची ओळ बघायची. जुळायची. तू आतून ओरडायचास, "काय बाईसाहेब, सापडली का चूक?" मी पुढचा वर्ग मांडायला घ्यायची. "अकराचा काय घेतेस, उद्या तेराचा काढशील!" पुढची ओळ, तीही जुळायची.

मला वाटलं होतं, पाच-सहा ओळींत तुझी चूक हाताला लागेल. तू घाईचा माणूस. पण तू घाई केलीच नव्हतीस, भाऊ. दहावी ओळ जुळली. पंधरावी जुळली. इतकं सुबक काम होतं तुझं की मला एकीकडे अभिमान वाटत होता आणि दुसरीकडे धास्ती वाढत होती. विसाव्या ओळीनंतर तर मी दारापाशी जायलाच घाबरायला लागले. कारण तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की खरंच पुस्तक चुकलं असेल तर? जग चुकलं असेल आणि माझा भाऊ बरोबर असेल तर? आणि मी, त्याची सख्खी बहीण, त्याचे पाय ओढत बसलेय? आई येऊन शेजारी बसायची आणि हळूच म्हणायची, "पोरी, त्याले काही बोलू नको. त्याना जीव त्या आकडासमा शे." मी तिला काय सांगणार? माझाही जीव त्यातच अडकला होता.

संमेलनाच्या आदल्या दिवशी तू धुळ्याला निघालास. इस्त्रीचं धोतर, नवी टोपी, खिशात खडू. माझ्या तीन-चार ओळी उरल्या होत्या. तू उंबऱ्यात थांबलास. मला वाटलं, आता म्हणशील, ये उद्या. तू म्हणालास, "उरलेलंही जुळेल. उगाच उन्हात बसू नकोस." आणि गेलास. आनंदात होतास. इतक्या आनंदात मी तुला तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटायच्या आधी, मी अठ्ठाविसाव्या ओळीला आले. गुणाकार केला, भागाकार केला, दोन्ही ताळे घेतले, दोन्ही बसले. माझी बाकी आली ११८१५३६७०८. दारावर होतं ११८१३५६७०८.

मला आधी कळलंच नाही. दोन्ही सारखेच दिसत होते. मग बोट ठेवून एकेक अंक वाचला. पाच-तीनच्या जागी तीन-पाच! पाटीवरून दारावर उतरवताना तुझे दोन अंक जागा बदलून बसले होते, बस्, एवढंच. आणि मग दारावरच्या आकड्याचा ताळा घेतला असशील, तर तो बसणारच! अंक तेच, बेरीज तीच, माझ्या आकड्याचेही चार आणि तुझ्याचेही चार. नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल दिसतच नाही, तो त्याबाबतीत ठार आंधळा आहे. अकराचा घेतला असतास तर माझा शून्य आणि तुझा चार, तिथल्या तिथे सापडला असतास. पण आबांनी अकराचा शिकवला नव्हता, आणि ताळा बसल्यावर पाटी ठेवायची नसते हे शिकवलं होतं. पाटी पुसलेली. शोधणार कशी तू चूक? सत्तावीस ओळी जिवापाड जपून चालत आलास आणि दारात पाय घसरला.

मी लगेच पुढची ओळ केली. आलं ६५५३६. भाऊ, मी ओरडले! एकाची सोळा वेळा दुप्पट! इतक्या राक्षसी आकड्यांतून येऊन अचानक हा घरचा, ओळखीचा पाच आकडी चेहरा. त्याचा वर्ग करून दोन वजा केले की आपल्या संख्येची नेमकी दुप्पट होते, हे मला न मांडताच दिसत होतं. म्हणजे बाकी शून्य. म्हणजे पुस्तक बरोबर, संख्या मूळ, आणि माझा भाऊ दुपारी सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. वहिनी पिठाच्या हाताने धावत आली. "काय झालं?" मी म्हटलं, "मला एस. टी. गाठायचीय."

शेवटची ओळ मी लिहिली नाही. वेळ नव्हता. आणि कागदावरही काही उतरवलं नाही, कारण उतरवण्यावरचा माझा विश्वासच उडाला होता. पाटीच उचलली आणि निघाले. एरंडोल, पारोळा, सगळी वाट मी ती पाटी दोन्ही हातांनी चौकटीला धरून मांडीवर उभी ठेवली. घामाचा हात लागला तर पुसलं जाईल म्हणून कपाळावरचा घामसुद्धा टिपला नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय शे माय त्यामा, देव शे का?" पारोळ्याला ड्रायव्हर चहाला उतरला आणि निवांत बिडी ओढत उभा राहिला. मी खिडकीतून त्याच्यावर अशी खेकसले, की बिडी टाकून तो बिचारा वर चढला.

मी पोचले तेव्हा सभागृहात तुझ्याआधीचा माणूस बोलत होता. तू कडेच्या खुर्चीवर ताठ बसलेला. मी वाकून पुढे आले, एक शब्द न बोलता पाटी तुझ्या मांडीवर ठेवली, आणि अठ्ठाविसाव्या ओळीतल्या त्या दोन अंकांवर बोट ठेवलं. मग खालचं ६५५३६. तुला सांगावं लागलं नाही. तुझ्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. पाच मिनिटं तरी तू त्या पाटीकडे बघत असशील. मला भीती वाटली, की तू हट्टाने उठशील आणि तरीही तेच बोलशील. तुझं नाव पुकारलं. मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले आणि पदराचं टोक दातात धरलं.

तू उभा राहिलास आणि फळ्याकडे गेलास. अजून मला तो तुझा आवाज आठवतो, सुरुवातीला घोगरा, मग मोकळा. तू म्हणालास की मी इथे एक वेगळंच सांगायला येणार होतो, पण माझ्या पडताळणीत एक चूक निघाली. मग नवाचा ताळा काय करतो आणि काय करू शकत नाही, हे तू असं काही समजावलंस की लोक खुर्चीच्या टोकावर आले. आबांचंही नाव घेतलंस. वडिलांनी शिकवलेलं आंधळेपणाने धरून बसलो, हे सगळ्यांसमोर म्हणालास. केवढं धाडस लागतं त्याला! मग माझं ६५५३६ फळ्यावर लिहिलंस, त्याचा वर्ग केलास, दोन वजा केलेस, भागलंस, आणि खाली मोठं शून्य काढलंस. टाळ्या पडल्या. तुझे म्हातारे मास्तर उठून उभे राहिले. मी रडत होते, भाऊ. आनंदाने रडत होते.

मग अध्यक्षांनी विचारलं, "चूक सापडली कशी हो तुम्हाला?"

आणि तू म्हणालास, "पुन्हा पहिल्यापासून करून पाहिलं. तेव्हा मला सापडली."

मला. मला सापडली! मी तिथे तिसऱ्या रांगेत, घामाने भिजलेली, धुळीने माखलेली, तुझ्यापासून दहा हातांवर. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

बाहेर आल्यावर तू पाटी माझ्या हातात दिलीस. पुसलेली. कोरी करकरीत! ताळा बसला की पुसायचं, हात आपोआप गेला असेल तुझा, मी ते समजू शकते. पण माझं सगळं काम त्या पाटीवर होतं. मी म्हटलं, "कुणाला सापडली रे चूक?" तू इकडेतिकडे बघितलंस आणि हळू आवाजात म्हणालास, "अगं, घरातली गोष्ट आहे. तू काय नि मी काय, वेगळे आहोत का आपण?"

"आहोत," मी म्हटलं. "अठ्ठाविसाव्या ओळीत वेगळेच आहोत."

तू हसण्यावारी नेलंस. तेवढ्यात तुझे हेडमास्तर आले, तुझ्या पाठीवर हात ठेवून तुला चहाला घेऊन गेले. मी माझ्या खोलीवर गेले आणि पाटी खाटेखाली ढकलली.

त्यानंतर दर भाऊबीजेला मी आले. ओवाळलं, तुझ्या ताटात जास्तीचं तूप वाढलं, तू माझ्या ताटात साडी ठेवलीस. जगाच्या गोष्टी बोललो आपण. माझ्या शाळेतली भांडणं तू मिटवलीस, आईच्या आजारपणात मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. तू माझ्यासाठी काय केलंस आणि काय नाही, ते मोजायला बसले तर मलाच लाज वाटेल. मला गणित शिकवायचं की चुलीपुढे बसवायचं, यावर घरात वाद झाला तेव्हा आबांसमोर उभा राहणारा तूच होतास. म्हणूनच तर तो 'मला' इतका लागला, कळतंय का तुला? परक्याने म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे उठून ओरडले असते.

गेल्या दिवाळीत तू विचित्र वागत होतास. मी मधल्या खोलीत बसले होते. तू आलास आणि म्हणालास, "कमल, दार लाव गं." मी म्हटलं, "असू दे, वारा येतोय." थोड्या वेळाने पुन्हा, "दार लाव." मी वैतागले. "तूच लाव की, तुला हातपाय नाहीत का?" तू उभा राहिलास, दाराकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि बाहेर निघून गेलास. मला वाटलं, म्हातारा होत चाललास, लहरी झालास.

परवा तेराव्याची माणसं पांगल्यावर वहिनी म्हणाली, "इकडे या." तिने मधल्या खोलीचं दार लोटलं. पूर्वीची बाजू तर तू त्याच वर्षी पुसून टाकली होतीस, मी पाहिलं होतं. ही दुसरी बाजू, दार उघडं असलं की भिंतीला लागून राहणारी. वरती चार. त्याखाली चौदा. त्याखाली एकशे चौऱ्याण्णव. प्रत्येक ओळीपुढे दोन छोटे अंक, एक नवाचा ताळा, एक अकराचा. अठ्ठाविसावी ओळ मी बोट ठेवून वाचली. पाच-तीन, आपापल्या जागी. एकोणतिसावी, ६५५३६. आणि त्याच्या खाली कोरं लाकूड.

मला वाटलं, तेवढ्यात तुला मरण आलं. मी म्हटलं, "एका ओळीसाठी राहिला गं त्याचा जीव."

वहिनी म्हणाली, "छे हो. दिवाळीच्या आधीच इथवर आले होते. मी म्हटलंही, आता शून्य काढा आणि मोकळे व्हा. तर म्हणाले, ती ओळ माझी नाही, कमलची आहे. मी तिची धुळ्याला घेतली होती."

मी खाली बसले. वहिनीने विचारलं, "घेतली होती म्हणजे?" तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, भाऊ. तू तिलाही सांगितलं नव्हतंस. मीही नव्हतं सांगितलं. काय ओठ शिवून बसलो होतो आपण दोघं!

आज सकाळी मी ती ओळ केली. उत्तर येतंच होतं, तरी सगळं मांडलं. वर्ग केला, चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव, दोन वजा केले, भागलं. नवाचा ताळा घेतला, अकराचाही घेतला. मग ६५५३६ च्या खाली शून्य काढलं. आईने बाहेरून विचारलं, "काय करी ऱ्हायनी तू?" मी म्हटलं, भाऊचं काम करतेय.

ओळ घेतली मी, भाऊ. माझीच होती, आणि तू ती परत केलीस, तीही सगळा डोंगर पुन्हा पहिल्यापासून चढून. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही आणि आता कुणी करणार नाही. मनापासून सांगते, मी धन्य झाले. पण अरे वेड्या, त्या सभेत अध्यक्षांनी विचारलं तेव्हा नुसतं मागे वळून "आमच्या कमलला" एवढं म्हटलं असतंस, तर तुला हे एकही गणित पुन्हा करावं लागलं नसतं. दोन शब्द होते. ते मला अजून ऐकायचेत, आणि आता कुणाच्या तोंडून ऐकू?